खांब चुलीत, साहेब पेटाऱ्यात

लाकूडफाटा आणायचा आळस केला म्हणून जगातले यच्चयावत रोग एकदम अंगावर येऊन मेलेला नायक कुठल्या सिनेमात पाहिलाय? कोरियात असा एक आहे. नाव ब्यॉन गांगस्वे. तिथल्या चावट ऐतिहासिक विनोदी सिनेमांचा हा मूळपुरुष. आजही कोरियात कुणाच्या मर्दानगीची तारीफ करायची तर याचंच नाव घेतात.

मालिका पाहून ज्यांची कोरियाशी ओळख झाली, त्यांना तिथला जोसॉन काळ (१३९२ ते १९१०) आठवतो तो रेशमी पोशाखातल्या राजपुत्रांचा आणि डोळ्यांत पाणी आणून निरोप घेणाऱ्या घरंदाज मुलींचा. त्याच काळाच्या पोटात दुसरी एक खिदळणारी, मातीचा वास असलेली कथापरंपरा आहे. पाणचक्कीमागे भेटणारी जोडपी, संयमाच्या शपथा घेणारे अंमलदार, मालकाच्या चार पावलं पुढे असलेले नोकर आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या बायका. या गोष्टींत फजिती होते ती वरच्याची. यांगबान म्हणजे घोड्याच्या केसांची काळी टोपी घालून कन्फ्यूशियसची वचनं सांगणारा उमराव वर्ग. गोष्ट संपेपर्यंत त्या टोपीची पार रया गेलेली असते. मला या सिनेमांचं वेड आहे ते त्यामुळेच. त्यातला चावटपणा खरा आहेच, पण त्या चावटपणाच्या आडून कुणाचं काय चाललंय ते पाहण्यात खरी गंमत आहे.

सहा वर्षांत सहा नवरे

गांगस्वेच्या आधी त्याच्या बायकोची ओळख करून घ्यायला हवी. ओंगन्यॉ ही उत्तरेकडच्या प्यॉंगान प्रांतातली. रूप असं की बघणारा जागीच थबकावा. पण नवरा काही टिकत नाही. पंधराव्या वर्षी केलेला पहिला नवरा लग्नाच्याच रात्री तापाने गेला. सोळाव्या वर्षीचा गरमीने गेला, सतराव्या वर्षीचा महारोगाने. अठराव्या वर्षी केला त्याच्यावर वीज पडली. एकोणिसाव्या वर्षीचा नामांकित दरोडेखोर निघाला, त्याचा निकाल सरकारने लावला. विसाव्या वर्षीच्याने सोमल खाल्ला. ही बाई राहिली तर पुरुष औषधालाही उरायचा नाही, या भीतीने दोन प्रांतांतल्या लोकांनी मिळून तिला हद्दपार केलं.

ती दक्षिणेकडे निघाली आणि दक्षिणेतला उडाणटप्पू गांगस्वे उत्तरेकडे. केसॉंगजवळच्या खिंडीत दोघांची गाठ पडली, दोन वाक्यांत लग्न ठरलं आणि भर दिवसा एका खडकावर पारही पडलं. मग येतं ते या कथेतलं सगळ्यात गाजलेलं गाणं. दोघं एकमेकांच्या गुप्तांगांचं आळीपाळीने वर्णन करतात. उपमांची नुसती सरबत्ती. त्याला तिच्यात सुकवलेला पर्सिमन दिसतो, शिंपला दिसतो, कोवळी कोंबडी दिसते आणि तो खूश होतो की पितरांच्या नैवेद्याची चिंता मिटली. तिला त्याच्यात मुसळ दिसतं, घरातल्या आणखी कितीतरी चिजा दिसतात आणि ती म्हणते, चला, संसाराची भांडीकुंडी झाली.

ऐकणारा पोट धरून हसतो. पण जरा थांबून पाहा. या दोघांना घर नाही, शेत नाही, पितरांना दाखवायला खराखुरा नैवेद्यही नाही. ज्यांच्याकडे काहीच नाही ती दोन माणसं एकमेकांच्या अंगात अख्खा संसार मोजतायत. इतकं धीट आणि इतकं करुण प्रेमगीत मला दुसरं माहीत नाही.

आणि मग तो खांब

दोघं भटकत भटकत जिरीसान डोंगरात येऊन राहतात. ओंगन्यॉ राबते, गांगस्वे दिवसा झोपतो. वैतागून ती त्याला लाकडं आणायला पिटाळते. तो दिवसभर लोळतो, संध्याकाळी वाटेवरचा जांगसुंग मुळासकट उपटतो आणि घरी आणून चुलीत घालतो. जांगसुंग म्हणजे कोरियन गावाच्या वेशीवरचा लाकडी रखवालदार. बटबटीत डोळे, विचकलेले दात, अंगावर ‘आकाशाखालचा महासेनापती’ अशी अक्षरं, शेजारी त्याची जोडीदारीण. गावावर रोगराई येऊ नये म्हणून त्याला पुजतात. त्यालाच या पठ्ठ्याने सरपण केलं.

जळालेल्या जांगसुंगाचा आत्मा मग सोलजवळच्या नदीकाठी राहणाऱ्या जांगसुंगांच्या मुख्य सरदाराकडे फिर्याद घेऊन जातो. देशभरचे जांगसुंग जमतात, सभा भरते, आणि ठरतं की प्रत्येकाने एकेक रोग घेऊन जायचं आणि गांगस्वेला डोक्यापासून पायापर्यंत लिंपून काढायचं. सोलमध्ये मेट्रोच्या सातव्या मार्गावर आज जांगसुंगबेगी नावाचं स्टेशन आहे. त्या भागातला जांगसुंग हाच तो सरदार, असं तिथे सांगतात. या सभेची गोष्ट माहीत असलेल्याला त्या स्टेशनावर उतरताना हसू आल्याशिवाय राहायचं नाही.

गांगस्वे मरतो तोही उभ्याउभ्या, डोळे वटारून. आणि इथून कथा फिरते. प्रेत हलत नाही. प्रेताची वाट लावील त्याच्याशी मी लग्न करीन, असं ओंगन्यॉ जाहीर करते. भिक्षू येतो, खेळ करणारे डोंबारी येतात, वाजवणारे येतात. जो हात लावतो तो तिथेच मरतो. शेवटी प्रेतांचा ढीग पाठीवर बांधून नेणाऱ्यांच्या पाठीला ती प्रेतं चिकटून बसतात आणि कड्यावर पाठ घासून घासून सोडवावी लागतात. हसावं की शहारावं कळेना, अशी ही उत्तरार्धातली मजल. त्या काळच्या कोरियात रस्त्यावर जगून रस्त्यावर मरणाऱ्यांची ही गोष्ट आहे, असं अभ्यासक सांगतात. सिनेमांनी मात्र मुख्यतः पूर्वार्ध उचलला. गल्ला तिथे होता.

बाराची पाच झाली

ही कथा मुळात पान्सोरीतली. एक गायक, हातात पंखा, शेजारी एक ढोलवाला, आणि तासन् तास चालणारं गाणं-गोष्ट-अभिनय. ढोलवाला आणि प्रेक्षक मध्येच दाद देतात, ती दादही प्रयोगाचाच भाग. पान्सोरीच्या एकूण बारा कथा होत्या, परंपरेने गात आलेल्या अशा पाचच उरल्या. बापासाठी जीव देणारी लेक, नवऱ्याशी एकनिष्ठ राहणारी पत्नी, मालकाशी इमान राखणारा, भावावर माया करणारा. म्हणजे कन्फ्यूशियसच्या शिकवणीत बसतील अशा कथा टिकल्या आणि अघळपघळ, अंगचटीला येणाऱ्या मागे पडल्या.

गांगस्वेची कथा तरली ती शिन जे-ह्यो (१८१२ ते १८८४) या माणसामुळे. गोचांगचा हा रसिक. स्वतः गायक नव्हता, पण गायकांना घरी ठेवून घेऊन शिकवायचा, आणि त्याने सहा पान्सोरींची संहिता लिहून काढली. त्यात ही चावट कथाही घेतली. त्याचीच शिष्या जिन चे-सॉन ही पान्सोरीची पहिली नामवंत गायिका मानली जाते. बायकांनी गायचं नाही अशा काळात तिला त्याने तालीम दिली. २०१५ साली या गुरुशिष्येवर सिनेमाही निघाला.

संहिता राहिली तरी चाल गेली होती. विसाव्या शतकात पाक दोंग-जिन (१९१६ ते २००३) या उस्तादाने ती पुन्हा बांधून गायली. हा तोच गवई, ज्याने १९६८ साली सलग पाच तास पान्सोरी गाऊन दाखवली होती. अवखळ शब्द असा काही ठसक्यात टाकायचा की सभागृह दणाणून जायचं.

हुकूमशहा आणि रात्री बाराचा खेळ

आता सिनेमाकडे. १९८० च्या दशकात हे चावट सिनेमे एकाएकी इतके का उगवले? उत्तर सरळ आहे. सेनापती चुन दू-ह्वान सत्तेवर आलेला. मे १९८० मध्ये ग्वांगजूमध्ये लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. राजकारणावर बोलायची सोय नव्हती. पण सेक्स, स्क्रीन आणि स्पोर्ट्स या तीन ‘एस’ना मोकळीक होती. लोकांचं लक्ष तिकडे राहावं, हा हिशोब. त्यातच डिसेंबर १९८० पासून टीव्ही रंगीत झाला, म्हणजे घरात दिसत नाही असं काहीतरी दाखवणं थिएटरवाल्यांना भागच पडलं.

जानेवारी १९८२ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट झाली. १९४५ पासून चालत आलेली मध्यरात्रीची संचारबंदी उठली. छत्तीस वर्षांनी माणसं रात्री बारानंतर रस्त्यावर फिरू लागली, आणि महिनाभरातच ‘मादाम एमा’ हा प्रौढांसाठीचा सिनेमा मध्यरात्रीच्या खेळाला लागला. तुडुंब गर्दी. एकट्या सोलमध्ये तीन लाखांहून जास्त तिकिटं खपली. सेन्सॉरने या सिनेमाच्या नावातलं एक अक्षर बदलायला लावलं होतं. मूळ नावात घोड्यासाठीचं चिनी अक्षर होतं आणि ते साहेबांना फार सूचक वाटलं. त्याजागी त्याच उच्चाराचं तागाच्या जातीतल्या झाडाचं अक्षर घातलं आणि सिनेमा पास झाला.

‘एमा’ आजच्या काळातली होती. पण तिच्या यशानंतर निर्मात्यांच्या लक्षात आलं की हेच जुन्या पोशाखात दाखवलं तर लोककथेचा मान मिळतो आणि सेन्सॉरही थोडा सैल होतो. सेटचीही तयारी होती. सोलच्या दक्षिणेला योंगिनमध्ये १९७४ साली उभं राहिलेलं कोरियन लोकग्राम, गवताच्या छपरांची घरं आणि अंगणांसकट. कितीतरी ऐतिहासिक सिनेमे आणि मालिका तिथे उरकल्या गेल्या.

ली दे-गुनचा जमाना

१९८६ साली दिग्दर्शक उम जोंग-सनचा ‘ब्यॉन गांगस्वे’ आला. नायक ली दे-गुन, दणकट अंगाचा, घोगऱ्या आवाजाचा, हसला की भिंती हादराव्यात असा. ओंगन्यॉ झाली वॉन मी-ग्यॉंग. सिनेमा असा चालला की लागोपाठ दोन पुढचे भाग निघाले आणि ली दे-गुनच्या नावाला गांगस्वे कायमचा चिकटला.

वॉन मी-ग्यॉंगची कारकीर्द मला फार लक्षणीय वाटते. ‘ब्यॉन गांगस्वे’च्या दोन-तीन वर्षं आधी तिने ली दू-योंग यांच्या एका गंभीर सिनेमात जोसॉन काळातल्या स्त्रीवर झालेले अत्याचार पडद्यावर भोगले होते, आणि तो सिनेमा १९८४ साली कान महोत्सवात दाखवला गेला होता. तोच काळ, तसाच पोशाख, तीच नटी. एकीकडे घराण्याच्या अब्रूखाली चिरडलेली बाई, दुसरीकडे कुणाला न जुमानणारी. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले की ओंगन्यॉचं हसणं वेगळं ऐकू येतं.

१९८८ साली हीच कथा ‘गारुजिगी’ या नावाने आली, नायक पुन्हा ली दे-गुन. दिग्दर्शक होता गो ऊ-योंग, म्हणजे कोरियातला सगळ्यात लाडका चित्रकथाकार. वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या त्याच्या चित्रकथांसाठी लोक पेपर घ्यायचे. सेन्सॉरचा काच त्यालाही सोसावा लागला. १९७० च्या दशकातल्या त्याच्या गाजलेल्या ‘तीन राज्यां’च्या चित्रकथेची पानंच्या पानं कापली गेली होती. ती पूर्ववत छापली जायला २००२ साल उजाडलं.

तुतीची पानं

त्याच सुमाराला आलेला ली दू-योंग यांचा ‘प्पोंग’, म्हणजे तुती, मला या सगळ्यांत सरस वाटतो. काळ थोडा अलीकडचा, १९२० चं दशक, जपानी अंमल. मूळ कथा ना दो-ह्यांगची, १९२५ सालची. याच लेखकाने त्याच वर्षी ‘पाणचक्की’ नावाची कथा लिहिली, जिच्यातली पाणचक्की कोरियन सिनेमात चोरट्या प्रेमाची ठरलेली जागा होऊन बसली. १९२६ साली लेखक वारला तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती.

गोष्ट एका जुगारी माणसाच्या बायकोची. नवरा महिनोन् महिने बाहेर. ही गावातल्या पुरुषांशी सौदा करते, तांदळाच्या बदल्यात. सगळं गाव तिच्या दाराशी, पण शेजारच्या गडी माणसाला ती काही केल्या हात लावू देत नाही. तो गडी झालाय ली दे-गुन. म्हणजे पडद्यावरचा महापुरुष गांगस्वे इथे पूर्ण वेळ तोंडाला पाणी सुटलेला, उपाशी. प्रेक्षकांना याचीच गंमत वाटली. ली मी-सुकने ती बाई अशी उभी केलीय की सौद्यातही तिचा ताठा मोडत नाही. सिनेमात जुगारी नवऱ्याच्या भटकंतीमागे स्वातंत्र्यचळवळीचा धागा घातलेला आहे आणि जपान्यांचा खबऱ्या त्याच्या मागावर आहे. हुकूमशाहीच्या काळात प्रेक्षकांना हे न सांगता कळत होतं.

साहेब पेटाऱ्यात

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट, बे बिजांगची. बिजांग म्हणजे सुभेदाराच्या हाताखालचा अंमलदार. हीसुद्धा पान्सोरीच्या हरवलेल्या सातांपैकी एक, कादंबरीच्या रूपात उरली.

बे साहेबांची बदली जेजू बेटावर होते. बायकोला शपथ देऊन निघतात, परस्त्रीकडे बघणार नाही म्हणून. बेटावर पाऊल ठेवताच एक देखावा दिसतो. बदली होऊन परत निघालेले जोंग बिजांग धक्क्यावर उभे, आणि समोर ऐरांग नावाची गिसेंग, म्हणजे सरकारदरबारची गायिका-नर्तिका, रडतेय. आठवण म्हणून ती त्यांच्याकडून एकेक वस्तू मागते. सामान जातं, अंगावरचे कपडे जातात. शेवटी ती दात मागते. आणि जोंग बिजांग दात उपटून देतात!

बे साहेब नाक मुरडतात. असले हलकट पुरुष! मेजवान्यांना जात नाहीत, खोलीत पुस्तक उघडून बसतात. सुभेदार आणि गिसेंगा मिळून पैज लावतात. आणि कटातला मुख्य गडी कोण, तर साहेबांचा स्वतःचा नोकर बांगजा. तमाशातला सोंगाड्या जसा राजाची टोपी उडवतो तसाच हा.

हल्लासान डोंगरात सगळे सहलीला जातात. ऐरांग ओढ्यात आंघोळ करताना साहेबांना दिसते आणि साहेब आजारीच पडतात. चिठ्ठ्या जातात येतात. भेटीची रात्र ठरते. मोठ्या माणसाचा पोशाख घालून जाणं धोक्याचं, असं सांगून बांगजा त्यांना कुत्र्याच्या कातड्याचा झगा चढवतो आणि भिंतीच्या भोकातून आत सरकवतो. साहेबांचं पोट अडकतं, ओढाओढ होते.

आत गेल्यावर दिवा मालवतो न मालवतो तोच बाहेर नवऱ्याची आरोळी. नवरा म्हणजे आवाज बदललेला बांगजा. उघडे साहेब आधी गोणीत लपतात. गोणीत काय आहे? कॉमुंगो, तंतुवाद्य. वाजव तर! मग साहेब तोंडाने वाद्याचा आवाज काढतात. तिथून निघून लाकडी पेटाऱ्यात शिरतात. ‘नवरा’ ओरडतो, स्वप्नात म्हाताऱ्याने सांगितलंय, हा पेटारा अपशकुनी, जाळून टाका. मग नको, करवतीने मधोमध कापा. करवत चालू लागते. शेवटी ठरतं, समुद्रात फेकू.

पेटारा उचलला जातो आणि ठेवला जातो तो थेट सुभेदाराच्या कचेरीच्या अंगणात. शिपाई पाणी ओततात, पेटारा हलवतात, नावाड्यांसारखे हाकारे घालतात. साहेब आतून गयावया करतात. बाहेरून कुणीतरी सांगतं, काढतो बाबा, पण समुद्राचं पाणी खारं, डोळे झोंबतील, मिटून घे आणि पोह. झाकण उघडतं. बे साहेब दिगंबर अवस्थेत, डोळे घट्ट मिटून, कचेरीच्या कोरड्या अंगणात हातपाय मारत पोहतात. डोकं दगडी पायरीवर आपटतं. डोळे उघडतात तर समोर सुभेदार, सगळे अंमलदार, सगळ्या गिसेंगा रांगेत.

इतकी घट्ट बांधलेली फजिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. प्रत्येक पायरीवर साहेबांची एक वस्तू जाते. आधी निष्ठा, मग पोशाख, मग आवाज, मग डोळे. १९६६ साली याच गोष्टीवर ‘साल्जागी ऑप्सॉये’ हे संगीतनाटक सोलमध्ये झालं. कोरियातलं पहिलं अस्सल देशी म्युझिकल म्हणून त्याचं नाव घेतात. ऐरांगचं काम केलं ते गाजलेली गायिका पॅटी किम हिने.

विनोद लिहिणारे मंत्री

असले किस्से रचायचे कोण? फक्त खेड्यातली माणसं असं समजू नका. पंधराव्या शतकातले सो गो-जोंग हे राज्याच्या कायदेसंहितेच्या कामात असलेले मोठे विद्वान. त्यांनी हसवणाऱ्या किश्शांचा आख्खा संग्रह केला. त्यांच्याच काळचे कांग हुई-मेंग हे दरबारातले वरिष्ठ अधिकारी. शेतीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासतात. त्याच लेखणीतून खेड्यातल्या चावट गोष्टींचं पुस्तक उतरलं. भिक्षू, विधवा, भोळा नवरा, चलाख सासू, लंपट गुरुजी, सगळे त्यात हजर. पुढे अशा संग्रहांची मोठी मोट बांधली गेली आणि सिनेमावाल्यांना आयती शिदोरी मिळाली.

वाचकही काही कमी नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सोलमध्ये भाड्याने पुस्तकं देणारी दुकानं होती. त्यांतली काही पुस्तकं अजून शिल्लक आहेत आणि समासात वाचकांनी खरडलेले शेरे, दुकानदाराला हासडलेल्या शिव्या आणि अश्लील चित्रंसुद्धा आहेत. बाजारात गोष्टी वाचून दाखवणारे असत. ऐन रंगात आले की गप्प व्हायचे, पैसे पडले की पुढे चालू. एकदा सोलच्या एका तंबाखूच्या दुकानात असाच वाचक एका शूर सेनापतीवर झालेला अन्याय सांगत होता. एका श्रोत्याला इतका संताप आला की त्याने तंबाखू कापायची सुरी उचलून वाचणाऱ्यालाच ठार केलं. राजा जोंगजोच्या काळातली ही नोंदलेली घटना आहे.

या जगावर किम दे-ऊ यांनी २००६ साली ‘उमनान सोसेंग’ हा सिनेमा काढला. हान सुक-ग्यू झालाय सभ्य घराण्यातला, भित्रा पंडित. योगायोगाने त्याच्या हाती चावट कादंबरी पडते आणि आपण याहून सरस लिहू असं त्याला वाटतं. टोपणनावाने लिहू लागतो. चित्रं काढायला मिळतो तो गुन्हेगारांचे हाल करून जबानी घेणारा अंमलदार. शरीर कुठे कसं वळतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! लेखकाची हाव, वाचकांच्या फर्माइशी, खपाची नशा, हे सगळं त्यात इतकं नेमकं आलंय की लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा सिनेमा बघावा.

चुनह्यांगला हात लावायचा नाही!

कोरियन सिनेमात सगळ्यात जास्त वेळा आलेली लोककथा म्हणजे चुनह्यांगची. गिसेंगची मुलगी, अंमलदाराचा मुलगा मोंगर्योंग, त्यांचं लपून लग्न, आणि नवा जुलमी अंमलदार छळत असतानाही तिने राखलेली निष्ठा. १९२३ साली मूकपट, १९३५ साली कोरियाचा पहिला बोलपट, दोन्ही हीच कथा. १९६१ साली तर दोन दिग्दर्शकांनी एकाच वेळी दोन रंगीत, रुंद पडद्याच्या चुनह्यांग आणल्या. दोघांच्या नायिका म्हणजे त्यांच्या बायकाच. शिन सांग-ओक आणि चोई उन-ही यांनी बाजी मारली. पुढे १९७८ साली या दोघांना उत्तर कोरियाने पळवून नेलं आणि तिथे शिन यांनी पुन्हा एकदा चुनह्यांगच काढली, १९८४ साली, गाण्यांसकट. १९८६ साली व्हिएन्नातून दोघं निसटले.

अशा या देवीसमान नायिकेला २०१० साली किम दे-ऊ यांनी ‘बांगजाजॉन’मध्ये हात घातला. प्रश्न साधा होता. मोंगर्योंगची प्रेमपत्रं नेणारा नोकर, इथेही बांगजाच, त्याचं काय? सिनेमात चुनह्यांग आधी त्याच्याच प्रेमात पडते. त्याला बायकांचं मन जिंकायचे धडे देणारा म्हातारा उस्ताद आहे, ते काम ओ दाल-सूचं. मालक मात्र बढतीचा हिशोब करणारा थंड माणूस. आणि जुलमी अंमलदाराला सोंग से-ब्योक याने असा बावळट, अडखळत्या बोलीचा केला की प्रेक्षक त्याच्या प्रत्येक वाक्याची वाट बघत बसले. त्याला त्या वर्षी देजोंग पुरस्कार मिळाला.

नामवॉन हे चुनह्यांगचं गाव. १९३१ पासून तिथे तिच्या नावाचा उत्सव भरतो, तिची समाधी आहे. तिथल्या मंडळींनी सिनेमा बंद करा म्हणून आवाज उठवला. तरी जवळपास तीस लाख लोकांनी तो पाहिला. चुनह्यांग झालेली जो यो-जोंग पुढे ‘पॅरासाइट’मधली श्रीमंत, भोळी मालकीण म्हणून जगभर पोचली. तिला फक्त तिथेच पाहिलं असेल तर ‘बांगजाजॉन’मधली तिची धिटाई बघाच. मला नामवॉनकरांचं दुःख कळतं. पण या सिनेमाने मूळ कथेत कधी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, आणि तो खरा आहे. निष्ठा ही ज्याला परवडते त्याची, की जो रोज निरोप पोचवतो त्याची?

हसणाऱ्या बाईची किंमत

इथे एक खरी गोष्ट सांगायलाच हवी. ऑउदोंग नावाची बाई पंधराव्या शतकात होऊन गेली. राजघराण्यातल्या माणसाची बायको, नवऱ्याने टाकलेली. नंतर तिने मनाला येईल त्या पुरुषांशी संबंध ठेवले. त्यांत उमराव होते, कारकून होते, गुलामही होते. काहींनी तिचं नाव अंगावर गोंदवून घेतलं होतं, अशी दप्तरात नोंद आहे. १४८० साली तिला फाशी दिलं. पुरुष बहुतेक सुटले, काही पुन्हा नोकरीतही आले. १९८५ साली ली जांग-हो यांनी तिच्यावर सिनेमा काढला, तो हसवत नाही. गोष्टीतली ओंगन्यॉ जे करते ते प्रत्यक्षात केलेल्या बाईला गळफास मिळाला होता, हे लक्षात ठेवूनच बाकीचे सिनेमे पाहावेत.

नव्या शतकातल्या सिनेमांनी पुरुषांचीच जास्त थट्टा केली. २००८ सालच्या नव्या ‘गारुजिगी’त गांगस्वे हा दुबळा, गावभर चेष्टा होणारा वड्या विकणारा पोरगा आहे (तांदळाच्या त्या चिकट वड्यांना तिथे त्तॉक म्हणतात). जांगसुंगापाशी पुरलेलं औषध तो प्रमाणाबाहेर पितो आणि गावातल्या बायकांची चंगळ होते. बोंग ते-ग्यूसारखा किरकोळ अंगाचा नट घेणं हीच खरी करामत, पण सिनेमा मध्येच रेंगाळतो. २०१९ साली जुनहो या नटाचा ‘गिबांग दोर्योंग’ आला, त्यात पुरुषच गिसेंग होतो आणि विधवा-परित्यक्तांचं मन रमवतो. कल्पना नामी, मात्र उत्तरार्ध रडवेला.

खरा पलटवार रंगभूमीवर झाला. २०१४ साली राष्ट्रीय चांगुक कंपनीने, म्हणजे पान्सोरीवर आधारलेल्या संगीतनाटकांच्या सरकारी मंडळीने, दिग्दर्शक गो सन-उंगकडून ही कथा नव्याने करून घेतली. चांगुकमध्ये पहिल्यांदाच अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव झाला. नाटक ओंगन्यॉचं आहे. नवरा गेला म्हणून कपाळ बडवत न बसता ती जांगसुंगांच्या अख्ख्या फौजेशी भांडायला उभी राहते. दोनशे वर्षं अपशकुनी म्हणून हिणवलेल्या बाईला शेवटी नायिकेची जागा मिळाली. २०१६ साली हे नाटक पॅरिसच्या तेआत्र द ला व्हील या नावाजलेल्या नाट्यगृहात झालं.

बघायला सुरुवात करायची असेल तर ‘बांगजाजॉन’पासून करा, मग ‘उमनान सोसेंग’, आणि मग जुना ‘प्पोंग’. जुन्यांची भीती वाटत असेल तर कोरियन फिल्म अर्काइव्हच्या यूट्यूब चॅनेलवर कितीतरी जुने सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह फुकट आहेत. तिथे डोळा सरावला की गवताच्या छपरांचं ते गाव परकं वाटत नाही. पोरंबाळं झोपल्यावरच लावा मात्र.